चिंचेनं घासलेली पलटण

कन्फेशनच्या पेटीसमोर गुडघे टेकले की माझी वाचा जायची. जाळीपलीकडे फादर खाकरून वाट बघत, आणि मी दर वेळी तीच दोन पापं सांगून उठायचो: आईला उलट बोललो, रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, उशिरा पोचलो. खरी पापं पोटात तशीच राहायची. ती मी वर्षातून एकदा, गावच्या सणाच्या आधी, चिंच आणि राख घेऊन पितळेवर उतरवायचो. त्या पितळेचं पुढे काय झालं ते आजवर गावात कुणाला सांगितलं नाही. आता सणाच्या स्मरणिकेसाठी त्याच पितळी पाटीचा इतिहास दोन ओळींत लिहून द्या, असं कमिटीनं मला सांगितलंय. दोन ओळींत तो मावत नाही.

अंधेरीच्या पूर्वेला आमचं गावठाण. ख्रिस्ती, मराठी बोलणारं. भाताची खाचरं कारखान्यांखाली गेली, आणि आमच्यासारखी पोरं त्याच कारखान्यांत शिफ्टला जाऊ लागली. उरला होता तो बँड. लग्न असो, बारसं असो, मयत असो, आमच्या बँडशिवाय कुणी उठत नसे की बसत नसे. बँडमास्तर माझा मामा. मी कॉर्नेट वाजवायचो, म्हणजे मामा वाजवायचा आणि मी त्याच्या शेजारी गाल फुगवायचो.

आमचा युनिफॉर्म म्हणजे लाल लोकरीचे कोट. गावात सांगत की मामाच्या आजोबांच्या काळात शेतांपलीकडच्या माळावर गोऱ्या सोजिरांची एक आयरिश पलटण तंबू ठोकून होती. पलटण गेली आणि कोट मागे राहिले. कसे राहिले यावर घरात दोन मतं होती. मामा म्हणायचा, कप्तानानं आजोबांचं कॉर्नेट ऐकलं आणि खूश होऊन कोट बक्षीस दिले. मामी म्हणायची, आजोबा ताडी काढायचे, सोजिर पैशांऐवजी कोट द्यायचे, आणि कप्तानाला कोट गेल्याचा पत्तासुद्धा नव्हता.

कोटांच्या बटणांवर मुकुट आणि त्याखाली तारांचं एक वाद्य होतं. ते वाद्य आहे हे मला शाळेत कळलं. गावात त्याला विळी म्हणत, आणि सोजिरांनी बटणावर विळी का कोरली असावी यावर कुणी डोकं खपवलं नव्हतं. त्यांनाही नारळ आवडत असेल. मे महिन्याच्या लग्नांत ती लोकर अंगावर चढवली की वऱ्हाडाआधी आम्हीच भिजायचो. मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या पोटावर कोट लागत नसे, म्हणून तो ढोल कधी खाली ठेवत नसे. ढोल हेच त्याचं बटण.

मामाच्या कोटावर एक चांदीचं पदकही होतं. हे त्याच्या आजोबांना शौर्याबद्दल मिळालं, असं मामा सांगे. कसलं शौर्य ते विचारलं तर म्हणे, त्या काळी विचारायची पद्धत नव्हती. पदकावर राणीचा चेहरा होता. तिचं नाक माझ्या आधीच्यांनी घासून घालवलं होतं, डोळे मी घालवले.

कारण घासणं ही आमच्या बँडची शिस्त होती. सणाआधी सगळी वाद्यं, चर्चमधले समईसारखे उंच दिवे, सगळं चिंच आणि राखेनं घासायचं आणि मग मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचं. बँडमध्ये जो सगळ्यात शेवटी आला त्याच्या वाट्याला पाटी. ही पितळी पाटी चर्चच्या बाजूच्या दाराशी भिंतीत स्क्रूंनी बसवलेली होती. माळावरच्या तंबूत तापानं गेलेल्या सोजिरांची आठवण म्हणून त्यांच्या सोबत्यांनी लावलेली. वर मोठ्या अक्षरांत पलटणीचं नाव, खाली बारीक अक्षरांत मेलेल्यांची नावं. माझ्यानंतर बँडमध्ये कुणी आलंच नाही, त्यामुळे शाळेपासून पुढे बारा-तेरा सण पाटी माझ्याकडेच राहिली.

आणि मी ती घासली ती पितळ चमकावं म्हणून नाही. ट्रॉम्बोनवाल्याच्या बहिणीकडे मिस्साच्या वेळी बघितलं, तर उजव्या कोपऱ्यापासून शंभर हात. ओव्हरटाइम सांगून मॅटिनीला गेलो, तर डावीकडून शंभर. तिचं लग्न ठरलं आणि ते मोडावं असं मनात आलं, त्या वर्षी मी पाटीला दोन संध्याकाळ लागलो होतो. पेटीत जे तोंडातून निघालं नाही ते सगळं हातातून निघालं. मामा जाता-येता म्हणायचा, असा घासणारा पोरगा गावाला मिळाला नव्हता.

मग गावात पहिला रंगीत टीव्ही आला त्याच्या आसपास, एका रविवारी फादरनी मिस्सानंतर सांगितलं की आयर्लंडहून एक बाई येणार आहेत. फादर नवीनच बदलून आले होते, मराठी बोलत पण वाचता येत नसे. बाईंचे आजोबा त्या पलटणीत होते. जहाजावर चढले तेव्हा बायकोला दिवस गेले होते, आणि मग कधी परत आलेच नाहीत. आजी म्हणायची, तो मुंबईजवळ तापानं मेला. बाकीचं सगळं घर म्हणायचं, तापबीप काही नाही, कोट टाकून पळाला आणि तिकडेच दुसरी केली. सरकारी कागद जळाले होते. त्या पोटातल्या मुलीला, म्हणजे बाईंच्या आईला, जन्मभर पळपुट्याची मुलगी म्हणून ऐकावं लागलं. आता ती नव्वदीला टेकली होती आणि अंथरुणावर होती. पलटणीतल्या कुणा म्हाताऱ्याच्या आठवणींत आमच्या पाटीचा उल्लेख बाईंना सापडला होता. पाटीवर आजोबांचं नाव आहे की नाही, एवढंच त्यांना आईला जाऊन सांगायचं होतं. फादरनी त्यांच्या आजोबांचं नाव वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू ते वरच्या आळीत राहतात.

मिस्सा संपल्यावर आख्खा बँड बाजूच्या दाराशी गेला. वरची मोठी अक्षरं खोल होती, तगली होती. खाली आमचेच चेहरे दिसत होते, स्वच्छ.

मामानं वाकून बघितलं, मग बाजूनं बघितलं. "इथे नावं होती ना रे?"

होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सात ओळी होत्या, यावरही झालं. कुठली नावं, ते कुणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी भिंत कधी वाचली नव्हती. सोजिरांच्या मयतांची नोंद त्यांचा पाद्री पलटणीबरोबर घेऊन गेलेला. मी ती नावं वर्षानुवर्षं समोर धरून बसलो होतो, पण माझं लक्ष माझ्या पापांवर होतं. हळूहळू सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. तेवढ्यापुरते मी हात खिशात घातले.

फादरना खरं सांगून टाकू, असं मी म्हणालो. निदान म्हणालो असं मला आठवतं. मामानं ऐकून घेतलं नाही. बाई समुद्र ओलांडून येणार, उन्हात इथवर चालणार, आणि तिला रिकामी पाटी दाखवायची? घरी आलेल्या माणसाला कोरडा परत पाठवतात का? त्याच्या डोक्यात तो प्रश्न इतिहासाचा नव्हता, पाहुणचाराचा होता. आणि खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती, कशीही. म्हणून दुसऱ्या दिवशी पाटीचे स्क्रू मीच काढले.

स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात एक नाव घालणारा बसायचा. स्टीलच्या डब्यांवर, पातेल्यांवर, ताटांवर बारीक छिन्नीनं टिंब टिंब करत तो आख्ख्या अंधेरीची लग्नं कोरायचा. आम्ही चादरीत गुंडाळलेली पाटी रिक्षातून नेली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली. ताट नाही, परात नाही, पण पितळ आहे ना, मग झालं, असं म्हणून मांडीवर घेतली आणि विचारलं, नाव सांगा.

पहिलं नाव बाईंच्या आजोबांचं. ते मी कागदावर आणलं होतं. ते झाल्यावर त्यानं मान वर केली. "पुढचं?"

मला वाटलं होतं एकावर भागेल. मामा म्हणाला, "एकटाच मेला असं दिसेल रे. पलटण होती ती. सांग ना, शिकलायस ना एवढा."

मला आयरिश माणसं माहीत होती ती फक्त शाळेतली. आमच्या शाळेत तिकडचे ब्रदर, म्हणजे मिशनरी मास्तर, शिकवायला होते, आणि त्यांच्या छडीचे वळ मला त्यांच्या आडनावांसकट पाठ होते. मी गणिताच्या ब्रदरांपासून सुरुवात केली. मग भूगोल, मग पी.टी. भाषेच्या ब्रदरांचं नाव सांगताना जरा जड गेलं, कारण त्यांनी मला एकदा आजारपणात घरी येऊन शिकवलं होतं. पण ओळी सात होत्या. टिंब टिंब करत माझी आख्खी स्टाफरूम माळावरच्या तापानं मेली.

त्यांतले दोघे तेव्हा अजून वर्गात उभे राहून छडी मारत होते.

शेवटची ओळ चालू असताना मी रिक्षा थांबवायला बाहेर गेलो. तेवढ्यात नाव घालणाऱ्यानं सवयीनं विचारलं असणार की कुणाकडून. भांडं म्हटलं की देणाऱ्याचं नाव आलंच. मामाला ते रीतसर वाटलं. मी आत आलो तेव्हा पाटीच्या तळाशी, कोपऱ्यात, छोट्या वळणदार मराठी अक्षरांत, दोन्ही बाजूंना एकेक फूल काढून लिहिलेलं होतं: मामाकडून सप्रेम भेट.

मी ते दोनदा वाचलं. मामा म्हणाला, छान दिसतंय की. नाव घालणारा म्हणाला, नको असेल तर घासा, घासून जाईल. घासून जायला किती वर्षं लागतात ते त्या दुकानात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

फादरना मामानं सांगितलं की पोरानं या खेपेला जरा मन लावून घासलं आणि नावं वर आली. फादरनी पाटी बघितली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या रविवारी प्रवचनात माझं उदाहरण दिलं. धूळ झटकली की आत्मा कसा उजळतो, असं काहीतरी. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

बाई सणाच्या तोंडावर आल्या, आणि त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला लागत होतं. मामानं बँड फुल युनिफॉर्ममध्ये गावाच्या तोंडाशी उभा केला. टॅक्सीतून साठीच्या पुढच्या एक बाई उतरल्या. गोऱ्या अंगावर तांबूस ठिपके, पायात भक्कम बूट, हातात छत्री. समोर बघितलं आणि जागच्या हलेनात. आजोबांची आख्खी पलटण समोर उभी होती. तोच कोट, तीच बटणं, फक्त आत आम्ही, आणि नाकावरून घाम गळतोय. मामानं सॅल्यूट ठोकला. ढोलवाल्यालाही ठोकायचा होता, पण त्यासाठी ढोल सोडावा लागला असता.

बाईंनी मामाची बाही दोन बोटांनी धरून बघितली. बटण बघितलं. दुभाष्या मी होतो, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की हे कोट तुमच्याकडे कसे आले. मी मामाला विचारलं. मामा म्हणाला बक्षीस. मागून मामी म्हणाली ताडी. मी बाईंना सांगितलं की याबद्दल दोन मतं आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या घरीही तसंच आहे.

पाटीशी त्या एकट्याच पुढे गेल्या. पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. मागे बँडमध्ये कुणीतरी नाक ओढलं, बहुतेक ट्रॉम्बोन. मग त्यांनी पिशवीतून पातळ कागद काढला, पाटीवर पसरला, मला कडा धरायला सांगितल्या आणि काळ्या खडूनं घासायला लागल्या. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, अगदी तसं. ओळ ओळ कागदावर उमटत गेली. आजोबा, गणित, भूगोल, पी.टी. मी घासून घालवलेलं कुणीतरी घासून परत आणतंय, आणि तेही खोटं. मी कागदाच्या कडा धरून मान खाली घातली. फादरना पुन्हा विनयच दिसला.

तळाशी आल्यावर त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय?

मी म्हणालो, प्रभू त्यांना चिरशांती देवो.

मामानं मला कोपर मारलं. काय विचारतेय? मी सांगितलं, शेवटच्या ओळीचं विचारतायत.

"मग सांग की, मामाकडून आहे म्हणून. आणि मामा कोण तेही सांग, दाखव मला."

मी म्हणालो, सांगितलं. मामानं छाती पुढे काढली. बाईंनी त्याच्याकडे बघून मान लववली, मामानंही लववली. चिरशांतीच्या नावानं दोघांचं छान जमलं.

नंतर मामीच्या ओसरीवर बाईंना कोकमाचं सरबत दिलं. चांगला स्टीलचा पेला काढला होता, मामीच्या लग्नातला, तिच्या मावशीकडून आलेला. बाई सरबत पिता पिता पेल्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होत्या. पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांची नजर मामाच्या पदकावर गेली. जरा बघू का, असं त्यांनी विचारलं. मामानं कौतुकानं काढून हातावर ठेवलं. बाईंनी राणीकडे बघितलंच नाही. त्यांनी पदक उभं धरलं आणि कड उजेडाकडे केली. मला म्हणाल्या, प्रत्येक सोजिराचं नाव या कडेवर कोरलेलं असतं. ज्याचं पदक त्याचं नाव. हे कुणाचं होतं ते इथे लिहिलेलं असेल.

मी तसंच मामाला सांगितलं. ओसरीवर सगळे पुढे झुकले. मामाच्या घरात एवढी वर्षं एका माणसाचं नाव छातीला लावून हिंडवलं होतं आणि आता ते निघणार होतं. बाईंनी पदक हळूहळू गोल फिरवलं. एक फेरा, मग परत दुसरा. कड लग्नाच्या अंगठीसारखी गुळगुळीत होती.

मामाला त्यांचा चेहरा नीट कळला नाही. तो खुशीत म्हणाला, "बघितलं? कसं लख्ख घासलंय. माझ्या भाच्याचं काम."

हे वाक्य मी इंग्रजीत केलं नाही. गरजही नव्हती. बाईंनी माझ्या नखांकडे बघितलं. चिंचेनं आणि पितळेनं सणाच्या दिवसांत ती हिरवट काळी व्हायची, आणि साबणानं जात नसत.

टॅक्सीपर्यंत सोडायला मी एकटाच गेलो. कोट तसाच अंगात. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या.

"पाटीवरची अक्षरं आणि तुझ्या मामीच्या पेल्यावरची अक्षरं एकाच हातची आहेत. खरं ना?"

आयुष्यात पेटीतसुद्धा जे जमलं नाही ते त्या रस्त्यावर, डोक्यावर ऊन असताना, झालं. मी सगळं सांगितलं. चिंच, राख, स्टाफरूम, सगळं. मॅटिनीचंही सांगितलं, त्याचा काही संबंध नव्हता तरी. त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं. आधी काय होतं तिथे? त्यांचं नाव होतं?

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी वाचलंच नव्हतं."

"आणि शेवटची ओळ?"

मी ती ओळ, फुलांसकट, जशी होती तशी सांगितली. विथ लव्ह, फ्रॉम अंकल. मग त्यांना हसू आलं, आणि ते थांबेना. छत्री टेकून त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. टॅक्सीवाला दार उघडून खाली उतरला. मीही हसलो, आणि मला फार वाईट वाटत होतं, दोन्ही एकदम.

शांत झाल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं. ताडाची दोन झाडं अजून उभी होती. ओसरीवर मामा लाल कोटात पाय पसरून बसला होता, मामी त्याला काहीतरी ऐकवत होती, कुणीतरी कॉर्नेट पुसत होतं.

"इथून कुठे पळाला असता तो?" त्या म्हणाल्या. "पळाला असेल तर पळून इथेच आला असेल."

मग त्यांनी पिशवीतून तो कागद काढला. माझ्या हातात देतील, फाडतील, असं मला वाटलं. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, तळाची मामाची ओळ तेवढी नखानं दाबून मागे दुमडली, आणि वरचा भाग जपून गुंडाळला. आईला चष्म्यातूनही फारसं दिसत नाही, म्हणाल्या. बोटं फिरवायला तिला पहिली ओळ पुरेल.

त्या नाताळात फादरच्या पत्त्यावर कार्ड आलं. आईनं कागद उशाशी ठेवलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतेय, एवढंच त्यात होतं. फादरनी ते चर्चमध्ये वाचलं. मामाला वाटलं आपल्या ओळीचंच कौतुक चाललंय, आणि तो गेला तोवर त्याला तेच वाटत होतं. मी ते वाटू दिलं. बाईंसमोर माझं तोंड एकदा उघडलं होतं, ते टॅक्सी वळल्यावर पुन्हा मिटलं.

पण पाटीवर नावं आली म्हणजे ती वाचली जाणार. नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी प्रार्थना होते, त्यात फादरनी ते सातही जण घेतले, आणि नंतर आलेल्या प्रत्येक फादरनी चालू ठेवले. दर वर्षी आख्खं गाव गुडघे टेकून माझ्या गणिताच्या ब्रदरांसाठी चिरशांती मागतं. पहिली काही वर्षं तर ते शाळेत फळ्यासमोर उभे होते, आणि मला नोव्हेंबरभर झोप लागत नसे, प्रार्थना लागू पडली तर काय म्हणून. ते नव्वदीपार जगले. भाषेचे ब्रदर त्यांच्याही पुढे.

आता कमिटी पाटीवर काच बसवणार आहे. जुनी कारागिरी आहे, हात लागता कामा नये, असं कुणी जाणकार सांगून गेलाय. तळाची ओळ जुन्या काळच्या ख्रिस्ती-मराठी स्नेहाची खूण आहे, असंही तो म्हणाला. काच बसायच्या आधी हे छापा, किंवा छापू नका, पण वाचा.

मामाचं पदक माझ्याकडे आहे. मी ते घासत नाही. राणी काळी पडलीय आणि तिला ते शोभतं. नोव्हेंबरात सात नावं वाचली जातात तेव्हा खालच्या सहांना मी सगळ्यांबरोबर मोठ्यानं चिरशांती मागतो, आता ते खरंच गेलेत, हरकत नाही. पहिल्या नावाला मात्र माझी गाडी अडते. मेलेल्यासाठी मागायची की पळालेल्यासाठी, मला ठरवता येत नाही. मग मी आवाज न काढता एवढंच म्हणतो की असशील तिथे असू दे, बाबा, आणि कोट आमच्याकडे आहे.